गाडी तीन इंच उंच झाली, गोळा तिथंच राहिला



आधी शेतातली नोंद. रविवारी रात्री दीड तास चांगला पाऊस झाला. आमची जमीन जायकवाडीच्या फुगवट्याच्या अंगाची, काळी आणि खोल. पाणी पिते पण सोडत नाही. कपाशीत दोन ठिकाणी पाणी तुंबलं होतं, चर काढून दिले. तूर बरी आहे. वापसा यायला अजून चार दिवस तरी लागतील, तोवर औत बंद.

आता मुद्द्याचं. सोमवारी सकाळी मला परत ट्रॅक्टर काढावा लागला, तोही शेतासाठी नाही. आमच्या पाणंदीत एक उंच केलेली जीपगाडी पोटावर बसली होती. या पावसाळ्यातली ही तिसरी. तिन्ही गाड्यांना लिफ्ट किट, तिन्हींना जाड टायर, तिन्ही फोर बाय फोर. तिन्ही ट्रॅक्टरनंच निघाल्या. सोमवारचा पोरगा साखळी सोडता सोडता मलाच विचारतो, "काका, तीन इंचानं भागत नाही वाटतं, चार इंचाचं टाकू का?"

मी त्याला काही बोललो नाही, सकाळची वेळ होती. पण घरी येऊन ठरवलं की आज लिहायचं. कारण गेल्या वर्षभरात बऱ्याच पोरांनी मला हेच विचारलंय. काका, कुठलं किट घ्यावं? दोन इंची का तीन इंची? स्पेसर का स्प्रिंग? मी दहावी पास माणूस, इंजिनिअर नाही. पण तीस वर्षं ट्रॅक्टर, ट्रॉली, जीप या चिखलात घालतोय आणि काढतोय. आणि आमच्या घरात हा प्रयोग पैसे मोजून झालेला आहे. तेव्हा मला बोलायचा हक्क आहे असं मी समजतो.

माझं म्हणणं पहिल्यांदाच सांगून टाकतो, मग शिव्या घालायच्या तर घाला. काळ्या रानात गाडी अडकते ती उंची कमी पडते म्हणून नाही. आणि खेड्यातल्या घरच्या गाडीला लिफ्ट किट बसवणं म्हणजे पैसे देऊन गाडी जास्त धोक्याची आणि कमी कामाची करून घेणं आहे.

आमच्या घरची गोष्ट

पुतण्यानं तीन वर्षांपूर्वी थार घेतली. डिझेल, फोर बाय फोर, कर्जावर. गाडी चांगली आहे, त्यात वाद नाही. कंपनीनंच ती 226 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्सची दिलीय, म्हणजे नऊ इंचाला थोडं कमी. 650 मिलिमीटर पाण्यातून जाईल असं कंपनी सांगते. पुढून चढायचा कोन 41 अंशाच्या वर. आमच्या शिवारात 41 अंशाचा चढ मला तरी माहीत नाही. डोंगरच नाही तर चढ कुठून येणार?

पण गेल्या दिवाळीनंतर पुतण्यानं तालुक्याबाहेरच्या एका गॅरेजात तिला तीन इंची किट बसवून आणलं. वर 33 इंची टायर. किट, टायर, रिम, मजुरी धरून दोन लाखांच्या घरात गेलं. मला आधी सांगितलं नाही, कारण मी नको म्हणणार हे त्याला माहीत होतं. गाडी अंगणात आली तेव्हा गल्लीतली सगळी पोरं गोळा झाली. दिसत होती जबरदस्त, ते मी पण कबूल करतो.

मी टेप घेतली आणि गाडीखाली गेलो. किट बसवायच्या आधी एकदा सर्व्हिसिंगच्या वेळी मागच्या एक्सलचं मी मोजलेलं होतं. मागच्या एक्सलच्या मधोमध जो गोल डबा असतो, डिफरन्शियल, त्याला आपण साधं गोळा म्हणू. तो जमिनीपासून आधी नऊ इंचाच्या आसपास होता. आता किती असावा? पुतण्या म्हणाला, तीन इंचाचं किट आणि दोन इंच मोठा टायर, म्हणजे चौदा. मी टेप दाखवली. दहा.

दोन लाखात एक इंच. तोही किटमुळे नाही, टायरमुळे.

हे असं का होतं

ज्यांनी बैलगाडी बघितलीय त्यांना हे एका वाक्यात कळेल. बैलगाडीची साटी ठोकळे घालून वर उचलली तर आख वर जातो का? आख चाकाच्या तुंब्यातच राहणार. साटी उंच होईल, कडबा उंचावर जाईल, पण वाटेतला दगड लागायचा तो आखालाच लागणार. आख वर न्यायचा तर चाकच मोठं पाहिजे.

थारचा मागचा एक्सल अखंड आहे. बोलेरोचा मागचा अखंडच. जिम्नी आणि जुन्या जिप्सीचे पुढचे-मागचे दोन्ही अखंड. अशा एक्सलवर तुम्ही स्प्रिंग लांब करा, पाटे वाढवा, नाहीतर स्पेसर घाला, वर जाते ती चासी आणि बॉडी. गोळा तिथंच. टायर मोठा केला तर गोळा वर जातो, पण टायरच्या वाढीच्या निम्माच, कारण एक्सल चाकाच्या मध्यावर असतो. थारचा 255/65 आर 18 टायर साधारण 31 इंच उंचीचा. 33 चा घातला म्हणजे दोन इंच वाढ, गोळा वर गेला एक इंच.

आणि चिखलात पोटावर बसते म्हणजे काय होतं? चाकोऱ्या खोल होत जातात, मधली माती तशीच उभी राहते आणि पहिल्यांदा टेकतो तो हा गोळा. तो नांगरासारखा माती ढकलायला लागला की चाकं नुसती फिरतात. सोमवारची गाडी अशीच बसली होती. बॉडीखाली एवढी मोकळी जागा की कुत्रं पळून जाईल, आणि गोळा मातीत रुतलेला.

पुढच्या बाजूचं थोडं वेगळं आहे, तेही प्रामाणिकपणे सांगतो. थारच्या पुढची दोन्ही चाकं स्वतंत्र आहेत आणि पुढचा गोळा चासीला बांधलेला आहे. त्यामुळे किट बसवलं की पुढचा गोळा खरंच वर जातो. पण गोळा वर गेला आणि चाक खालीच राहिलं, म्हणजे मधला ड्राइव्ह शाफ्ट तिरका झाला. शाफ्टच्या जॉइंटवर रबराचं बूट असतं, आत ग्रीस. कायम तिरकं फिरून ते बूट चिरतं. एकदा चिरलं की ग्रीस बाहेर आणि आपली काळी माती आत. पुतण्याचं डाव्या बाजूचं बूट पाचव्या महिन्यात फाटलं. वळताना कट कट आवाज यायला लागला तेव्हा कळलं. तोवर जॉइंट गेला होता.

"मग ट्रॅक्टर कसा जातो?"

हा प्रश्न मला प्रत्येक पोरगा विचारतो. ट्रॅक्टर उंच असतो म्हणून चिखलात चालतो, मग जीप उंच केली तर का नाही?

ट्रॅक्टर उंचीमुळे चालत नाही बाबांनो. माझ्या ट्रॅक्टरचं मागचं चाक 13.6-28 चं आहे, सव्वाचार फूट उंच. त्याच्या नक्षीचे दांडे बोटभर खोल आणि तिरके, फिरताना माती आपोआप बाहेर फेकतात. चाकात पाणी भरलेलं, म्हणजे वजन नेमकं ओढणाऱ्या चाकावर. शेतात हवा 12-14 ची, म्हणून चाक पसरून बसतं. पायाखाली डिफरन्शियल लॉक, डाव्या-उजव्या चाकाला वेगळा ब्रेक. आणि वेग माणसाच्या चालीचा. यातलं एकही काम उंचीचं नाही.

जीपच्या टायरला हवा 30-32 ची. काळी माती दोन फेऱ्यांत नक्षी भरून टाकते आणि टायर गुळगुळीत होतो, डांबराच्या ड्रमसारखा. मग तो टायर 31 चा असो का 33 चा, घसरणारच. त्यावर उपाय आहे तो हवा कमी करायचा. चिखलात 18-20 वर आणा, टायर पसरेल, पकड वाढेल. बाहेर आल्यावर छोट्या कॉम्प्रेसरनं परत भरा, कमी हवेवर डांबरी रस्त्याला पळवू नका. याला खर्च किती? एका कॉम्प्रेसरचा. पण हवा कमी केलेल्या गाडीचा फोटो चांगला येत नाही, हीच अडचण आहे.

उंचीचं वजन कोण उचलतं

ट्रॉलीत ऊस खच्चून भरला आणि एक चाक बांधावर चढलं, तर काय होतं ते आपल्या भागातल्या माणसाला सांगायची गरज नाही. दरवर्षी गाळपाच्या दिवसांत दोन-चार ट्रॉल्या आडव्या पडलेल्या दिसतातच. कारण साधं आहे. चाका-चाकातलं अंतर तेवढंच आणि वजन वर गेलं. तीन इंचाचं किट, एक इंच टायरचा, म्हणजे सगळी बॉडी, इंजिन, बसलेली माणसं चार इंच वर. खाली चाकातलं अंतर तेच. वर काही जण टपावर कॅरिअर, त्यावर जादा चाक आणि लाइटची पट्टी लावतात. म्हणजे ट्रॉलीवर आणखी चार मोळ्या.

कालव्याच्या भरावावरून गाडी घेतली की हे कळतं. पुतण्यालाही कळलं. जूनमध्ये भरावावरून येताना समोरून दुचाकी आली, त्यानं कडेला घेतली आणि गाडी अशी कलली की आत बसलेल्या तिघांनी एकमेकांना धरलं. पडली नाही, नशीब. आधीच्या उंचीला त्याच जागेवरून तो शंभर वेळा गेला होता.

बाकीचं थोडक्यात सांगतो. मोठा टायर जड असतो, ब्रेक तेच राहतात, म्हणून गाडी थांबायला जास्त अंतर घेते. टायरचा घेर वाढला म्हणून मीटर खोटं बोलतं, 80 दाखवतो तेव्हा गाडी 85 ला असते. हेडलाइट वर गेले की समोरच्या दुचाकीवाल्याच्या थेट डोळ्यात. आपल्याकडे रात्री उसाच्या बैलगाड्या रस्त्याला असतात, त्यांना मागं लाइट नसतो, आणि समोरच्याचे डोळे तुम्ही दिपवलेले. एखाद्याचा जीव जाईल तेव्हा किती इंचाचं किट होतं हे कुणी विचारणार नाही.

आणि कायदा. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 आहे. गाडी कंपनीनं जशी दिली तिच्यापेक्षा वेगळी करता येत नाही, असं 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागं पाच हजार दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. गॅरेजवाला किट विकताना हे सांगत नाही. आणि अपघात झाल्यावर विमा कंपनीचा माणूस येतो तो पहिल्यांदा हेच बघतो. गाडी कर्जावर, क्लेम नामंजूर, हप्ता चालू. असा संसार कुणाचा होऊ नये.

ऑगस्टमधली रात्र

हे लिहू का नको असा विचार करत होतो. पुतण्याला विचारलं, तो म्हणाला, लिहा तात्या, माझं नाव नका घालू.

आमची आई चौऱ्याऐंशी वर्षांची. दोन वर्षांपूर्वी खुब्याचं ऑपरेशन झालंय. काठी घेऊन अंगणात फिरते, पण पाय फार उचलत नाही. ऑगस्टमध्ये एका रात्री अडीच वाजता तिला दम लागला. श्वास पुरेना. माझी जुनी बोलेरो त्या दिवशी दुसऱ्या गावी कामाला दिलेली. अंगणात उभी थार.

पुतण्यानं एका मिनिटात गाडी दाराशी लावली, पोरगं आजीवर जीव टाकतं. दार उघडलं. गाडीचा तळ आधी आईच्या मांडीला यायचा, तो आता तिच्या कमरेला लागला. ती पाय उचलू शकेना. मी खालून धरलं, पुतण्यानं वरून ओढायला हात दिला, तर ती कळवळली, खुब्याला ताण बसला. मागच्या सीटवर निजवून न्यावं तर त्या गाडीला मागं दार नाही, पुढची सीट वाकवून आत शिरावं लागतं. आम्ही पाट आणला, पाटावर उभी केली, पाट हलला. तिला दम लागलेला आणि आम्ही तिघं तिला पोत्यासारखं वर ढकलतोय. पंधरा मिनिटं गेली. माझ्या आयुष्यात एवढी लांब पंधरा मिनिटं दुसरी नाहीत.

शेवटी शेजारच्यानं त्याचा छोटा हत्ती काढला. मागं गादी टाकली, उशा लावल्या, आईला बाजेसकट उचलून गादीवर ठेवलं, मी तिला टेकून बसलो. वरून ताडपत्री. असे आम्ही तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचलो. पुतण्या मागून रिकामी थार घेऊन येत होता.

आई वाचली. चार दिवसांनी घरी आली. अंगणात आल्यावर गाडीकडे बघून एवढंच म्हणाली, "केवढी मोठी गाडी, अन् मलाच जागा नाही."

पुतण्या काही बोलला नाही. पुढच्या आठवड्यात त्यानं किट काढलं, कंपनीचे स्प्रिंग परत बसवले. मूळचे स्प्रिंग गॅरेजवाल्याकडून आधीच मागून घेतले होते म्हणून निभावलं, नाहीतर तेही नवे घ्यावे लागले असते. 33 चे टायर तोट्यात विकले. आता गाडीला कंपनीच्याच मापाचे ऑल टेरेन टायर आहेत.

"ज्याची गाडी, त्याची हौस"

असं म्हणणारे असतील. हौसेला मी नाही म्हणत नाही. आमच्या वेळी पोरं बैलांच्या शिंगांना रंग आणि गोंडे लावायची, मीही लावले. पण गोंड्यानं बैल उलटत नव्हता आणि म्हाताऱ्या माणसाला गाडीत चढता येईना असं होत नव्हतं.

दुसरं, पाणंद तुमच्या एकट्याची नाही. वापसा नसताना आपण रानात औत घालतो का? घातलं तर ढेकळं होतात, रान वर्षभर बिघडतं, हे शाळकरी पोरालाही माहीत आहे. मग पाणंदीला वापसा नसताना गाडी का घालता? तुम्ही व्हिडिओसाठी चार फेऱ्या मारता, फूटभर खोल चाकोऱ्या पडतात, त्या वाळून दगड होतात. मग त्याच वाटेनं बाया डोक्यावर गवताचा भारा घेऊन येतात, पोरं सायकलीवर शाळेला जातात, बैलाचा पाय मुरगळतो. उंच गाडी म्हणजे चिखलात जायचा परवाना, असं तुम्हाला वाटायला लागतं. किटचं सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे. जिथं शहाणा माणूस गाडी उभी करून चालत जाईल, तिथं किटवाला गाडी घालतो.

सह्याद्रीच्या घाटात दगडधोंड्यांत गाड्या चालवणारे लोक आहेत, स्पर्धा करणारे आहेत. चासीचं पोट दगडावर टेकू नये म्हणून त्यांना उंची लागते, त्यांचं ते गणित खरं आहे. त्यांच्याबरोबर दुसऱ्या गाड्या असतात, खाली उतरून वाट दाखवणारा माणूस असतो, आत लोखंडी पिंजरा असतो. त्यांचं बघून आपण सोयाबीनच्या बियाण्याला जायच्या गाडीला तेच लावायचं, याला अर्थ नाही.

तरीही घ्यायचंच असेल तर

मी नको म्हणलं तरी काही जण घेणारच. कायदा आणि विमा वर सांगितला तो कुठल्याही किटला लागू आहे, हे धरून पुढचं वाचा.

1. आधी गाडी बसलीय का बघा. सपाट जागेवर रिकामी उभी करून चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत चारी बाजूंनी मोजा. तशीच नवी गाडी मोजा. कमी भरलं तर तुमचे स्प्रिंग नाहीतर पाटे थकलेत. माझ्या 2009 च्या बोलेरोचे मागचे पाटे असेच बसले होते, खताच्या गोण्या वाहून वाहून. युरियाची गोणी 45 किलोची, अशा बारा टाकल्या की मागचं बुड रस्त्याला लागायचं. नवे पाटे, नवे बुश, शॅकल घातले, गाडी दीड इंच वर आली. हे किट नाही, गाडीचं थकलेलं देणं फेडणं आहे. यात बेकायदा काही नाही.

2. मग टायर. कंपनीच्याच मापात ऑल टेरेन नाहीतर मड टायर मिळतात. चिखलातला निम्मा फरक इथं पडतो.

3. मग ओढायचं सामान. चांगला पट्टा, दोन शॅकल, फावडं, दोन फळ्या. गाडीला ओढायचा हूक मूळचाच असतो, तो कुठं आहे ते आधी बघून ठेवा. सोमवारच्या पोराला तो माहीतच नव्हता, त्यानं साखळी बंपरला बांधली होती.

4. एवढं करूनही किट पाहिजे तर दीड-दोन इंचाच्या वर जाऊ नका. नुसता स्पेसर घेऊ नका. स्पेसर म्हणजे स्प्रिंगच्या वर नाहीतर खाली ठेवलेला ठोकळा. स्वस्त असतो, पण शॉकअप जुन्याच लांबीचा राहतो, खड्ड्यात चाक खाली जाताना तो लगेच ताणून संपतो आणि खाडकन आदळतो. बॉडी लिफ्ट, म्हणजे बॉडी आणि चासीच्या मध्ये ठोकळे, ते तर अजिबात नको. त्यानं चासीचं पोटसुद्धा वर जात नाही, फक्त टायरला जागा होते. जुन्या थारला पुढं टॉर्शन बार आहे, त्याचा बोल्ट आवळून फुकट उंची देतो म्हणणारे मिस्त्री भेटतील. उंची येते, पण चाकाला खाली जायची जागा संपते आणि गाडी दगडासारखी चालते. पाट्यांच्या गाडीला लांब शॅकल घालणं हाही असाच फुकटचा सल्ला.

5. स्प्रिंग आणि शॉकअप जोडीनं घ्या, आणि ते तुमच्या गाडीच्या वजनाला जुळणारे घ्या. बरीच किटं पुढं लोखंडी बंपर आणि विंच, मागं सामान, असं धरून बनवलेली असतात. तुमची गाडी रिकामी फिरणार असेल तर ती उड्या मारेल आणि मागं बसलेल्याची कंबर जाईल.

6. गॅरेजवाल्याला हे विचारा. स्प्रिंग किती वजनासाठी आहे? शॉकअप लांब आहे का? ब्रेकचा होज आणि सेन्सरची वायर चाक पूर्ण खाली लोंबकळल्यावर ताणते का? अलाइनमेंट करून कागद देणार का? हेडलाइट खाली करून देणार का? माझे मूळचे स्प्रिंग परत देणार का? पक्कं बिल देणार का? यातल्या एकालाही "त्याची काही गरज नाही ओ" असं उत्तर आलं तर गाडी मागं घ्या.

7. सगळ्यात शेवटी, घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस बरोबर न्या. तिथं उभ्या असलेल्या किटवाल्या गाडीत त्याला एकट्याला चढायला सांगा. उत्तर मिळेल.

दोन लाखाचं गणित

आमची पाणंद सव्वा किलोमीटर आहे, पण खरा वाईट तुकडा दोनशे फुटांचा. ओढ्याच्या अलीकडचा. तिथंच सगळ्या गाड्या बसतात. दोनशे फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट जाड, म्हणजे दोन हजार घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे वीस ब्रास मुरूम. तुमच्या तालुक्यातला दर रॉयल्टी आणि वाहतुकीसकट विचारा आणि वीसनं गुणा. आमच्याकडच्या दरानं तो तुकडा भरून, कडेनं चर काढून, पाण्याला दोन सिमेंटच्या नळ्या टाकून दोन लाखांतले बरेच पैसे उरतात. त्यावरून थार जाईल, छोटा हत्ती जाईल, बैलगाडी जाईल, रुग्णवाहिका पण जाईल. आणि कुणाला खाली लोळून टेप लावायची गरज पडणार नाही.

पाणंदीसाठी सरकारनं 2021 मध्ये योजना आणली, मातोश्रींच्या नावाची. अर्ज आम्हीही केलाय. पण वाट बघत बसलो तर पोरं पाच इंचाचं किट घालतील. म्हणून त्या वाटेचे चौदा खातेदार मिळून आम्ही वर्गणी काढतोय. तहसीलात मुरमाची परवानगी मागितलीय. पुतण्यानं टायर विकून आलेले पैसे पहिल्यांदा त्यात टाकले. मी सांगितलं नव्हतं.

सोमवारच्या पोरा, तू हे वाचत असशील. तुझं घर आमच्या पाणंदीच्या पलीकडंच आहे. चार इंचाच्या किटला जेवढे लागणार होते, त्याच्या चौथा हिस्सा घेऊन ये, मुरूम टाकायला आपण बरोबर उभं राहू. ट्रॅक्टर माझा, डिझेल माझं. तुझ्या घरी पण आजी आहे, मला माहीत आहे.

बाकी, ज्यांच्या कपाशीत पाणी आहे त्यांनी आधी चर काढा, खत नंतर. वापसा आल्याशिवाय रानात जाऊ नका. पाणंदीत पण.